सत्तावीस आवाजांची जागा

तुमच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात 'जागा अपुरी आहे' अशी सूचना आली, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला बाहेर काढता?

'काय' असं विचारायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. फायली असतात, फोल्डर असतात, त्यांना 'कोण' कशाला म्हणायचं? पण मी ज्यांना बाहेर काढलं ती सत्तावीस माणसं होती. त्यातली बरीचशी आज हयात नाहीत, आणि हे मी केलं ते भर दुपारी, चहा पिता पिता, दोन-तीन बटणं दाबून.

माझं बालपण पत्रकांत गेलं. सांगलीत विश्रामबागेत आमच्या दोन खोल्या. वडील दिवसा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात धरणग्रस्तांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. रविवारी सगळं घर पत्रकांच्या घड्या घालायला बसायचं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. चौथीत 'माझी सहल' या निबंधाचा शेवट मी 'तरी हजारोंच्या संख्येने उपस्थित राहावे' असा केला होता आणि बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

वडिलांचा एक नियम होता. घरात उरलेलं पत्रक म्हणजे न केलेलं काम. सभा संपली आणि पिशवीत गठ्ठा उरला, तर ते एसटी स्टँडवर उभे राहून शेवटची प्रत हातात पडेपर्यंत वाटत राहायचे. स्वतःसाठी एकही ठेवायचे नाहीत. ते गेले तेव्हा त्यांनी लिहिलेलं एकही पत्रक आमच्या घरात निघालं नाही. निघाली ती लोकांकडे. पाटणच्या एका पिठाच्या गिरणीच्या दारावर खळीनं चिकटवलेलं एक, कुणाच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं एक, कुणी रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेलं एक. अशी चाळीसेक पत्रकं मी घरोघर फिरून गोळा केली. वडिलांचा नियम खरा ठरला होता. जे वाटलं ते टिकलं होतं. मी हा नियम इतका मनावर घेतला की त्यानंच माझा घात केला.

पत्रकं गोळा करताना मला त्या घरांतली म्हातारी माणसं भेटली. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ही माणसं तरणी होती. खोऱ्यातून उठवून त्यांना कुठं कुठं बसवलं. कुणी पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला राहिले, कुणी खाली इस्लामपूरच्या बाजूला उसाच्या मुलखात नव्या वसाहतीत आले. त्यांचं सांगणं कुणी कागदावर घेतलं नव्हतं. कागदावर होतं ते त्यांच्या जमिनीचं क्षेत्र, गट नंबर आणि सह्या-अंगठे. मला याचा संताप आला. संतापाशिवाय मी फारसं काही केलेलं नाही, हे कबूल करते. मी पाटणच्या काकांना सोबत घेतलं आणि दोन वर्षं या माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलं.

काका म्हणजे संघटनेचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझ्या वडिलांनी लिहिलेलं पत्रक पाटण तालुक्यात वाटायचं काम त्यांचं. आता संघटनेचं पाटणचं कार्यालय तेच सांभाळतात. कार्यालय म्हणजे एक खोली, एक टेबल, एक जुना लॅपटॉप.

त्या सत्तावीस जणांत वसाहतीतली एक आजी होती. तिचं रेकॉर्डिंग अडीच तासांचं. पहिल्या दहा मिनिटांतच तिनं काकांना गप्प केलं होतं. काकांनी विचारलं होतं, "आजी, गाव उठलं ते साल कुठलं?"

"साल मला काय इचारतोस? साल सरकारला ठावं. म्हस कवा याली ते इचार, सांगते."

"आवं, पण आम्हाला लिहायचं असतं."

"मग लिव की! तुला कोन नको म्हनलंय? आदी चष्मा पूस. त्या धुरकट चष्म्यातनं तुला माझं गाव दिसायचं न्हाई."

मग ती बोलत राहिली. खालच्या आळीपासून नदीपर्यंत एकेक दार घेत गेली. उंबराखालचं न्हाव्याचं घर, त्याच्या पुढं दगडी डोण, डोणीला पाणी प्यायला थांबणारी कुणाची बैलं. शेवटी घर सोडायच्या दिवसापाशी आली. सामान गाडीत भरलं, सासरा गाडीवर बसला, आणि हिनं मागं जाऊन दाराला कडी लावली. सासरा म्हणाला, बुडणाऱ्या घराला कडी कशाला? ही म्हणाली, "न्हाईतर कुत्रं शिरंल."

काही महिन्यांनी आजी गेली.

ही सगळी रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घेतलेली. फोन भरला म्हणून ती लॅपटॉपवर टाकली आणि फोनवरून काढली. मग एका क्लाउड सेवेत संघटनेचं खातं उघडलं आणि ते माझ्या आणि काकांच्या अशा दोन्ही लॅपटॉपवर जोडलं. मी इथं फाईल ठेवली की ती वर जायची आणि पाटणला काकांकडेही दिसायची. मला वाटलं, हेच ते वाटप. वडील एसटीत गठ्ठा टाकून पाटणला पाठवायचे, मी इंटरनेटनं पाठवते. फरक तेवढाच.

उन्हाळ्यात आधी काकांचा लॅपटॉप भरला. मी पाटणला गेले, फोल्डरवर उजवं बटण दाबून 'जागा मोकळी करा' हा पर्याय निवडला. फायलींची नावं जागेवर राहिली, पण प्रत्येकापुढं एक छोटा ढग आला. काकांना सांगितलं, "आता नुसतं नाव इथं आहे. आवाज वर आहे. उघडलं की खाली येईल."

"म्हणजे माळ्यावर टाकलं म्हण की."

"तसंच."

"पर माळा आपला न्हाई. दुसऱ्याच्या माळ्यावर टाकलंस तू," काका म्हणाले. "शिडी त्यानं काढून घेतली म्हणजे?"

मी हसले. काकांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं माझं पक्कं मत होतं.

पुढं जुलैत माझा लॅपटॉप भरला. दुसऱ्या दिवशी मोर्चाचं पत्रक छापायला द्यायचं होतं. मांडणी अर्धी झाली आणि फाईल सेव्ह होईना. जागा अपुरी आहे. मी पाहिलं तर सगळ्यात जास्त जागा रेकॉर्डिंगच्या फोल्डरनं खाल्लेली. काकांच्या लॅपटॉपवर मी जे केलं होतं तेच इथं करायचं, की झालं. पण मला नावंसुद्धा नको होती. वर आहे, पाटणला दिसतंय, मग घरात गठ्ठा कशाला ठेवायचा? उरलेलं पत्रक म्हणजे न केलेलं काम. मी फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं.

पडद्यावर चौकट आली. चार-पाच ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. रस्त्यात उभं राहून लोकांच्या हातात पत्रक द्यायचं आणि त्यांनी न वाचता ते खिशात कोंबलं की मनात त्यांना शिव्या द्यायच्या, हे मी दहा वर्षं केलेलं आहे. आणि त्या दुपारी चार ओळींचं पत्रक माझ्या हातात आलं, ते मी न वाचता 'होय' म्हटलं. त्यात लिहिलेलं होतं की हे इथून काढलं तर सगळीकडून काढलं जाईल. तरी जागा कमीच दिसत होती, म्हणून मी रिसायकल बिनही रिकामा केला. पत्रक वेळेवर छापून झालं. मोर्चा चांगला झाला.

ज्याला मी वाटप समजत होते तो आरसा होता. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो. हे मला त्यानंतर दीड महिन्यांनी कळलं, आजीच्या लेकीचा फोन आला तेव्हा.

मावशी म्हणाली, "आईचं वर्षश्राद्ध हाय पुढल्या सोमवारी. तुमी तिचं बोलनं घेतलं हुतं न्हवं? ते लावा की त्या दिशी. नातवंडांनी तिला बोलताना ऐकलंय कुठं धड? शेवटी शेवटी तर ती गप्पच असायची."

"लावते मावशी. मोठा स्पीकर घेऊन येते," मी म्हटलं आणि फोन कानाला असतानाच खातं उघडलं.

फोल्डर नव्हता. मला वाटलं मी चुकीच्या ठिकाणी बघतेय. दुसरीकडे बघितलं. मग क्लाउडची कचराटोपली बघितली, तीही रिकामी. त्या सेवेत काढून टाकलेली गोष्ट महिनाभर सांभाळतात आणि मग कायमची पुसतात. माझा महिना उलटून गेला होता. मी मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, अतिशय नम्र. आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत. अशी पत्रं मी ओळखते. आमच्या संघटनेच्या कपाटात अशा पत्रांच्या फायली आहेत. फरक इतकाच की या वेळी समोरच्याचा दोष नव्हता.

मावशीला मी काही बोलले नाही. दोन दिवस मी फक्त हिशोब लावत होते की अजून कुठं प्रत असू शकेल. आणि मग आठवलं. पावसाळा लागायच्या आधी काका म्हणाले होते, कार्यालयाचं छत गळतंय, लॅपटॉप बांधून ठेवतो. म्हणजे मी फोल्डर उडवला तेव्हा तो लॅपटॉप बंद होता. तो नेटला जोडला गेला नसेल, तर त्याला अजून काही कळलेलं नसणार. त्याच्या पोटात सगळं तसंच असणार. आणि तो नेटला जोडला, की त्यालाही कळणार आणि तोही सगळं पुसणार.

काकांना फोन लागायला तासभर गेला.

"काका, लॅपटॉप चालू केलाय का?"

"न्हाई. प्लास्टिकात गुंडाळून पेटीत घातलाय. वर तांदळाचं पोतं ठेवलंय. का गं?"

"तसाच राहू द्या. हात लावू नका. नेट तर अजिबात लावू नका."

"नेट? पोरी, पावसात हितं माणसाला रेंज न्हाई, मशीनला कुठली? पर झालंय काय?"

"आल्यावर सांगते."

"पोलीस येणार हायत काय?" काकांनी उमेदीनं विचारलं. बऱ्याच वर्षांत त्यांच्या दारात पोलीस आले नव्हते.

सांगलीहून इस्लामपूर, तिथून कराड, कराडहून पाटण. तीन एसट्या. वाटेत वसाहतीचा फाटा लागला तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघितलं. मावशी फाट्यावर असणं शक्य नव्हतं, तरी.

काकांनी पोतं हलवलं, पेटी उघडली, लॅपटॉप टेबलावर ठेवला. मी कार्यालयाच्या इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली आणि काकांचा फोनही बंद करायला लावला. लॅपटॉप हळूहळू सुरू झाला. फोल्डर होता. उघडला. सत्तावीस नावं, ओळीनं, जशीच्या तशी. मी टेबलावर डोकं टेकलं. काका म्हणाले, "हायत न्हवं? मग रडतीस कशाला?"

मी पहिलं नाव उघडलं. उघडलं नाही. फाईल या क्षणी उपलब्ध नाही. दुसरं उघडलं. नाही. तेव्हा मी नीट पाहिलं. नावांपुढं ढग होते. उन्हाळ्यात मी याच खुर्चीत बसून, याच हातांनी, त्यांचा आवाज इथून काढून वर पाठवला होता आणि वरचा मी जुलैत पुसला होता. दोन दिवसांच्या धावपळीत हे मी साफ विसरले होते. इथं उरली होती नुसती नावं. गावाच्या वेशीवर पाटी असावी आणि मागं गाव नसावं, तशी.

काकांना समजावून सांगितलं. ते पडद्यावर वाकून एकेक नाव बघत गेले. मग म्हणाले, "सगळ्यांच्या फुडं ढग न्हाई. हे बघ. हे हिरवं काय हाय?"

चार नावांपुढं ढगाऐवजी हिरवी खूण होती. म्हणजे ती चार कुणीतरी उघडली होती. उघडली म्हणून खाली उतरली होती आणि इथंच राहिली होती. त्यात आजीचं नाव होतं.

"तुम्ही ऐकलंत?"

काका जरा ओशाळले. "उन्हाळ्यात दुपारचं कोण येतंय हितं? लावायचो. बाकीची तिघं माझ्याच आळीची. आणि म्हातारी..." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला अशी शिवी देणारं आता कोण राहिलंय गं? चार-पाच डाव ऐकलंय ते."

मी बटण दाबलं. खोलीत आजी बोलायला लागली. म्हस कवा याली ते इचार.

ती चार रेकॉर्डिंग मी दोन पेन ड्राइव्हवर घेतली. उरलेल्या तेवीस नावांची यादी कागदावर उतरवली. ती उतरवताना मला कळत होतं की जपून ठेवणं म्हणून मी जे काही करत होते, म्हणजे वर चढवणं, जोडणं, जागा मोकळी करणं, त्यातलं काहीही कामाला आलं नव्हतं. कामाला आलं ते एका म्हाताऱ्या माणसाचं दुपारी एकट्यानं बसून ऐकणं. दोन वर्षं मी ही रेकॉर्डिंग केली. त्यातलं एकही मी परत पूर्ण ऐकलं नव्हतं. मला वेळ नव्हता. मला पत्रकं काढायची होती, या माणसांच्या हक्कांची.

सोमवारी वसाहतीत मांडवात तीस-चाळीस माणसं होती. आजीच्या फोटोला हार, पुढं पान वाढलेलं. जेवणाआधी स्पीकर लावला. काकांना शिवी बसली तेव्हा सगळा मांडव हसला आणि काका मान खाली घालून हसले. मग हळूहळू शांत झालं. म्हाताऱ्या बायका एकेका दारापाशी मान हलवत होत्या, व्हय, व्हय, न्हाव्याचं घर, व्हय. कडीची गोष्ट आली तेव्हा मावशीनं पदर तोंडाला लावला. संपल्यावर ती मला म्हणाली, "ही कडीची गोष्ट आईनं मला कवा सांगितलीच न्हाई. इतकी वरसं एका घरात राहून."

तेवढ्यात मागून साठीचे एक गृहस्थ उठले. त्यांना मी ओळखत होते. त्यांच्या वडिलांशी मी दोन तास बोलले होते. तेही आता नव्हते.

"ताई, आमच्या दादांचं बी लावा की मग. ते बी लय बोलले हुते तुमच्यासंगट."

मला वाटलं होतं की आजचा दिवस जाऊ द्यावा आणि मग घरोघर जाऊन सांगावं. पण तसं करणाऱ्या सरकारी साहेबांविरुद्धच आम्ही आयुष्यभर पत्रकं काढली. मी उभी राहिले. "ते नाही राहिलं. मी पुसलं. चुकून, पण मीच. तेवीस जणांचं गेलंय. मी नावं वाचते."

नावं वाचली. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ते गृहस्थ म्हणाले, "कसं पुसलं?"

"जागा कमी होती. मला वाटलं, वर पाठवलंय, वर आहे."

"आमच्या जमिनीचा कागद बी साहेबानं वरच पाठवला हुता," ते म्हणाले. "बरं. जेवून जावा."

त्या पंगतीत बसणं मला आजवरच्या कुठल्याही लाठीपेक्षा जड गेलं.

आठवड्यानं त्याच गृहस्थांचा फोन आला. "ताई, दादांचा आवाज न्हाई माझ्याकडं. पर ते जे सांगायचे ते बरंच ध्यानात हाय. माझं घ्या." मी गेले. ते सांगत होते आणि अधूनमधून थांबून म्हणत होते, हे दादा असं न्हाई म्हनायचे, थांबा, नीट सांगतो. तेवीसांतले जे हयात आहेत त्यांच्याकडे मी आता दुसऱ्यांदा जातेय. काहीजण पहिल्यासारखं सांगत नाहीत. दोघांना मी आठवत नाही. जे गेले त्यांच्या मुलांकडे, सुनांकडे जातेय. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्याच घरी ठेवते, एक पाटणला काकांच्या पेटीत, एक माझ्याकडे. काका महिन्यातून एकदा पेटी उघडतात आणि ऐकतात. तो आमचा ठराव आहे.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. हा लेख बाजूला ठेवा आणि आजच तुमचा कॉम्प्युटर उघडा. तुमच्या घरातल्या गेलेल्या किंवा म्हाताऱ्या झालेल्या माणसाचा एखादा आवाज, एखादा व्हिडिओ त्यात कुठंतरी असेलच. तो शोधा. त्याच्यापुढं ढग असेल तर तो खाली उतरवून घ्या. त्याची एक प्रत खात्याशी न जोडलेल्या पेन ड्राइव्हवर काढा आणि ती दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे, भावाकडे, मित्राकडे ठेवायला द्या. जागा अपुरी पडली, तर पडद्यावरच्या चार ओळी पूर्ण वाचल्याशिवाय 'होय' म्हणू नका.

आणि देण्याआधी तो आवाज एकदा शेवटपर्यंत ऐका.